सतरा नंबरवर दोघं

३ फेब्रुवारी, मंगळवार

ही डायरी घड्याळाचे पट्टे विकणाऱ्या व्यापाऱ्याने दिली. दरवर्षी देतो. दरवर्षी ती बायकोकडे जाते आणि तिच्यात कुठल्या कुंडीला खत कधी घातलं ते लिहिलं जातं. यंदा ती घरात नाही, म्हणून डायरी माझ्या वाट्याला आली.

काल हिला हॉस्पिटलात दाखल करून परत आलो. सहा तासांचा प्रवास, आणि सहाही तास खोकत होतो. खोकल्यानेच घात केला. डॉक्टर म्हणाले, खोकला असलेल्या माणसाने या वॉर्डाच्या आसपासही फिरकायचं नाही, आणि खोकला गेला तरी पहिला महिनाभर आत कोणालाच सोडत नाहीत. औषधांनी हिच्या हाडांतला आजारी मगज पुरता रिकामा करणार, मग अठरा तारखेला तिच्या धाकट्या बहिणीच्या पेशी घालणार. त्या रुजल्या तर रक्त पुन्हा आपलं आपण तयार होऊ लागेल. नाही रुजल्या तर काय, ते डॉक्टरांनी सांगितलं, मी ऐकलं, इथे लिहीत नाही.

वॉर्डाच्या दारात नर्सने हिचा जुना फोन अडवला. कव्हर सोललेलं, फटींत माती. हिच्या वस्तूंत माती नाही असं कधी होत नाही. मेहुणीने नवाकोरा टॅब आणला होता, तो पुसूनबिसून आत गेला आणि फोन माझ्या खिशात आला. घरी आल्यावर तो वर स्वयंपाकघरात, फ्रिजवर त्याच्या जागी ठेवला आणि चार्जिंगला लावला. का लावला, माहीत नाही. नेहमी लावलेला असतो म्हणून.

आत जाताना हिने एकच मागितलं. म्हणाली, "मला घर दिसलं पाहिजे. बोलायची ताकद नसेल तेव्हाही." मी म्हटलं, व्हिडिओ कॉल आहे की. तर म्हणते, "कॉल म्हटला की केस बघा, हसा, बरी आहे म्हणा. मला नुसतं बघायचंय. मला वाटेल तेव्हा."

होईल, म्हणालो. कसं होईल ते विचारायला माझ्याकडे एकच माणूस आहे, आणि ते माणूस मला 'भाऊजी' म्हणून हाक मारतं ती टोमणा मारण्यापूर्वीच.

५ फेब्रुवारी, गुरुवार

मेहुणी हॉस्पिटलच्याच शहरात एका बँकेच्या कॉम्प्युटर खोलीत काम करते. मशीन अडलं की तिला बोलावतात आणि ती रागावतच जाते. मागच्या वर्षी आमच्या दुकानातला जुना कॉम्प्युटर मी भंगारात काढत होतो, तेव्हा तिने त्यावर लिनक्स घातलं आणि तो तरुण झाला. आता त्यालाच कॅमेरा जोडायचा. बाजारात तयार कॅमेरे मिळतात, पण त्यांचं चित्र म्हणे आधी कुठल्याशा कंपनीकडे जातं आणि मग आपल्याकडे येतं. बायकोने ते आधीच नाकारलं. आपलं घर परक्याच्या दुकानातून बघायचं नाही.

अडचण पत्त्याची आहे. आपल्याकडे नेट येतं त्याचा पत्ता कायमचा नसतो. वीज गेली, राउटर बंद-चालू झाला, की नवा पत्ता. मेहुणीने टॅबवर 'घर' नावाचं एकच बटण करून दिलंय. पत्ता बदलला की ते बटण दाबून हिला भलत्याच कुणाचं दार लागायचं. तेव्हा न बदलणारा पत्ता हवा, त्याला स्टॅटिक आयपी म्हणतात. तोही दोनदा. एक बाहेरचा, अख्ख्या घराचा, तो कंपनी देते. दुसरा आतला, कॉम्प्युटरचा, तो आपण द्यायचा, म्हणजे बाहेरून आलेल्याला राउटर त्या नंबरकडे बोट दाखवतो. मी म्हटलं, तूच तिकडून का नाही करत? म्हणाली, "पत्ताच नक्की नाही तर मी आत येऊ कुठून?" वर तिला पेशींसाठी इंजेक्शनं सुरू होणार आहेत, त्यांनी हाडं दुखतात. तेव्हा हात माझे, डोकं तिचं.

नेटवाल्यांच्या ऑफिसात अर्ज भरला. 'कारण' या रकान्यात मी लिहिलं, बायकोला घर दिसावे. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, असं कारण यादीत नाही, व्यवसाय लिहा. मी खोडून व्यवसाय लिहिलं. त्यांनी खोडलेलं वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आठ दिवस लागतील म्हणाल्या होत्या ते उद्या होईल म्हणाल्या.

८ फेब्रुवारी, रविवार

आज आतला पत्ता. मेहुणी फोनवर, मी कीबोर्डावर.

लिनक्समध्ये काळ्या पडद्यावर लिहून हुकूम सोडायचे असतात. एक फाईल उघडायची, तिच्यात कॉम्प्युटरचा पत्ता, राउटरचा नंबर, असं खाली खाली लिहीत जायचं, आणि प्रत्येक आतली ओळ दोन जागा सरकवून सुरू करायची. एका ओळीला मी एकच जागा सोडली, तर मशीनने अख्खी फाईल फेटाळली. मेहुणीला वाटलं मी वैतागणार. उलट मला ते मशीन पहिल्यांदाच आवडलं. केसाएवढ्या फरकावर अडून बसणाऱ्यांशीच माझा चाळीस वर्षांचा संसार आहे. म्हणजे घड्याळांशी.

पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन चोवीस लिहायचे. मी विचारलं, चोवीस तास का? ती म्हणाली, हो, तसंच समजा. म्हणजे तसं नाही.

पत्त्याचा शेवटचा आकडा मात्र मी निवडायचा होता. मी सतरा म्हटलं. ती म्हणाली, "आधी राउटरची यादी बघा. तो दुसऱ्या कोणाला दिलेला नाही ना?" बघितली, म्हटलं. बघितली नव्हती. घरात यंत्रं ती किती, आणि सतरा आमच्या लग्नाची तारीख. ती दुसरं कोण घेणार?

शेवटचा हुकूम दिला की मशीन म्हणतं, नवी मांडणी करून पाहिली आहे, एकशेवीस सेकंदांत एंटर दाबून होकार द्या, नाहीतर पूर्वी होतं तसं परत करतो. मी हात मागे घेतला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. मेहुणी तिकडून भाऊजी, भाऊजी करत होती. एकशेवीस पूर्ण झाले आणि त्याने खरंच सगळं जसंच्या तसं परत ठेवलं. मला फक्त बघायचं होतं, शब्द पाळतं का. दुसऱ्या खेपेला एंटर दाबला.

उद्यापासून हिला ती जालीम औषधं सुरू. त्यांना असे एकशेवीस सेकंद नाहीत. मला भीती वाटते, आणि ही गोष्ट मी फक्त या डायरीला सांगतो आहे.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दुकान उघडलं, कॅमेरा खिडकीकडे वळवला. तिच्या कुंड्या ओळीने आणि कडेला माझ्या टेबलाचा कोपरा. साडेदहाला हिचा मेसेज आला, "दिसलं." पाच मिनिटांनी दुसरा, "कोरफडीला पाणी घालू नका."

घातलंच होतं. एवढ्या लांबून माती ओली दिसली हिला.

११ फेब्रुवारी, बुधवार

ही गेल्यापासून चारचा चहा राहतोय. दुकान खाली, घर वर, आणि गेली वीस वर्षं चारच्या ठोक्याला मला वरून मिस्ड कॉल येतो. एक रिंग म्हणजे चहा झाला, वर या. दोन रिंगा म्हणजे पाहुणे आहेत, शर्टाची बटणं लावून या. आजवर एकदाही उचललेला नाही. सुरुवातीला एकदा उचलला तर, कळत नाही का, म्हणून बोलणी खाल्ली होती.

रिंग नाही म्हणून मी उठतच नाही, असं लक्षात आलं. तेव्हा आजपासून चारला मीच इथून हिच्या फोनला एक रिंग देतो. फ्रिजवर फोन वाजतो, जिन्यातून खाली ऐकू येतो, मग मी उठतो. यात दुसरं काही नाही. फोन चालू राहतो, तेही बरंच.

१४ फेब्रुवारी, शनिवार

ही सकाळी फोनवर बोलली. आवाज बसका, पण बोलली. केस गेले म्हणाली, आणि टाळूचा आकार बरा निघाला म्हणून खूश होती. मग म्हणाली, "रोज चारला घर जातं."

चित्र जातं म्हणजे. थोड्या वेळाने आपलं आपण परत येतं. मी सगळ्या वायरी काढून पुसून लावल्या.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज झालं. काल बहिणीच्या हातातून पेशी काढून घेतल्या, आज हिच्या शिरेत सोडल्या. मी समजत होतो ऑपरेशन असेल. रक्ताची पिशवी लावतात तसं, दीड-दोन तास, बस्स. मेहुणी म्हणाली, "ताईच्या अंगात आता माझं रक्त. यापुढे तिच्याशी भांडताना विचार करा." मी म्हटलं, आधी काय कमी विचार करत होतो?

पेशी सोडत होते तेव्हा हिने टॅब समोर धरून ठेवायला सांगितला होता म्हणे. सकाळपासून घर बघत होती. मला माहीत असतं तर दुकान झाडून घेतलं असतं. नेमका मी त्या वेळी एका मनगटी घड्याळात डोकं खुपसून बसलो होतो. दोन तास हललो नाही. हिने कुंड्या मात्र नीट पाहिल्या असतील.

चारला चित्र पुन्हा गेलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

तोंड आतून फुटलंय, बोलता येत नाही. पाणी गिळतानाही त्रास. डॉक्टर म्हणतात हे व्हायचंच. आता फक्त मेसेज, तेही एकेका शब्दाचे, कारण बोटं थरथरतात.

सकाळी आला, "डावीकडे." मी कॅमेरा थोडा डावीकडे वळवला, निवडुंग नीट यावा म्हणून. "अजून." अजून वळवला. "अजून." आता कुंडी एकही दिसेना, नुसतं माझं टेबल आणि मी. औषधांच्या गुंगीत हिला उजवं-डावं समजत नसावं. पण आजारी माणसाचा शब्द मोडायचा नाही, म्हणून मी कॅमेरा तिथेच ठेवला आणि सातही कुंड्या उचलून माझ्या टेबलावर, समोर रांगेत मांडल्या. कामाला जागा उरली नाही, पण हिला झाडं दिसली.

दहा मिनिटांत मेसेज, "झाडं काढा."

काढली. मन मात्र लागलं नाही. हिला झाडांचा कंटाळा येणं हे लक्षण चांगलं नाही. मेहुणीला म्हटलं, हे डॉक्टरांच्या कानावर घाल. ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही घड्याळंच दुरुस्त करा."

२६ फेब्रुवारी, गुरुवार

पांढऱ्या पेशी शून्य. अजून काही रुजलेलं दिसत नाही. वाट बघायची.

वाट बघताना हाताला काम हवं म्हणून चित्र कधी जातं त्याची नोंद ठेवतोय, जशी चुकार घड्याळाची ठेवतो. सोमवार, चार वाजून एक मिनिटाला गेलं, चार एकतीसला आलं. मंगळवार, चार दोन, चार तेहेतीस. काल बुधवारी गेलंच नाही. काल मी चारला पट्टे आणायला बाजारात होतो. आज पुन्हा चारला गेलं. म्हणजे मी घरी असलो की जातं? मी जिना चढतो त्या धक्क्याने वायर हलत असेल का? आज अनवाणी, पाय न वाजवता चढून पाहिलं. तरी गेलं.

हिचा मेसेज आला, "चारला अंधार." इतकी लांब वाक्यं हिने दोन दिवसांत लिहिली नव्हती. तेवढ्यासाठी लिहावं लागलं, याची लाज वाटली. एकच गोष्ट मागितली होती बाईने.

१ मार्च, रविवार

सापडलं. लिहिताना कान गरम होतायत, तरी लिहितो.

पेशी काढल्याच्या अशक्तपणातून मेहुणी आज जरा सावरली होती. म्हणाली, "चारला रोज जे करता तेच करा, आणि चित्र गेलं की राउटरची यादी उघडून मला वाचून दाखवा." मी म्हटलं, मी काहीच करत नाही, चहाला जातो. बरं, चहाला जा, म्हणाली. मी गेलो. परत येऊन यादी उघडली. सतरा नंबरासमोर नाव होतं, 'ताई'. हिच्या फोनला ते नाव मेहुणीनेच कधीतरी घातलं होतं.

फोन निजलेला असतो तेव्हा तो नेटवर नसतो. सतरा नंबर मोकळा असतो आणि त्यावर आमचा कॉम्प्युटर सुखाने राहतो. फोनला रिंग गेली की तो जागा होतो, आणि राउटर त्याला त्याचा जुना नंबर देतो. तो सतराच. केव्हापासून, कोण जाणे. मग कॉम्प्युटर म्हणतो सतरा मी, फोन म्हणतो सतरा मी, आणि बाहेरून आलेल्याला कोणीच सापडत नाही. अर्ध्या तासाने फोन पुन्हा निजतो, घर परत येतं.

"पण चारला हा फोन जागा कशाने होतो?" मेहुणीने विचारलं. मग सांगावं लागलं. चहाची रिंग, फ्रिज, जिना, सगळं.

"रोज?" ती म्हणाली.

"रोज."

"वर कोणी नसताना?"

"कोणी नाही म्हणूनच तर. रिंग आल्याशिवाय मला उठवत नाही."

तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला. तिलाही सर्दी झालेली दिसते, म्हटलं सांभाळ, तुझी तब्येत आत्ता नाजूक आहे. ती म्हणाली, "काखेत कळसा नि गावाला वळसा, भाऊजी," पण नेहमीचा ठसका नव्हता.

पुढे म्हणाली, फोन बंद करून टाका, मिनिटाचं काम. नाहीतर कॉम्प्युटरला दुसरा नंबर द्या, पण मग पुन्हा ती फाईल, पुन्हा राउटरला सांगणं, तासभर जाईल. मी फाईल उघडली. तिनेही दुसरं काही सुचवलं नाही. कॉम्प्युटरला एकाहत्तर दिला, या खेपेला यादी बघून. सतरा नंबर हिच्या फोनच्या नावावर राउटरमध्ये कायमचा लिहून टाकला. एकशेवीस सेकंदांतले चार सेकंद झाले असतील, एंटर दाबला.

हिला यातलं काही सांगू नकोस, म्हटलं, हसेल ती.

"हसली तर वाईट आहे का?"

"तोंड फुटलंय तिचं. दुखेल."

४ मार्च, बुधवार

ताप. एकशेतीन. काही लिहवत नाही. चित्र चारलाही चालू राहतं आता, पण हिने दोन दिवसांत टॅब हातात घेतलेला नाही. मी मात्र टेबलापाशीच बसून असतो. उठलो आणि नेमकी त्याच वेळी हिने बटण दाबलं तर?

७ मार्च, शनिवार

ताप उतरला. सकाळी मेहुणीने हॉस्पिटलातूनच फोन केला. पांढऱ्या पेशी दिसू लागल्या, काल थोड्या, आज तिप्पट. डॉक्टर स्वतः म्हणाले, रुजतायत. मी तिला तोच आकडा तीनदा सांगायला लावला. गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याला म्हटलं, उद्या या, आज माझ्या हाताचा भरवसा नाही.

सगळ्या कुंड्यांना पाणी घातलं. कोरफड सोडून.

९ मार्च, सोमवार

चारला दोन मिनिटं कमी होती. डोळ्याला भिंग, समोर उघडं घड्याळ, एक स्क्रू चिमट्यात. स्क्रू बसवून रिंग द्यावी असा विचार करत होतो. फोनला हात लावलेला नव्हता.

वर फोन वाजला. एकदा. थांबला.

स्क्रू कुठे गेला, अजून सापडलेला नाही. मी उचलायला धावलो नाही. वीस वर्षांत कधी उचललेला नाही. बसल्या जागी बसून राहिलो आणि रडलो. हे लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून नाकारता येणार नाही. हिला अजून बोलता येत नाही, आणि या कामाला बोलावं लागत नाही. मेहुणीने माझं ऐकलेलं नाही, हिला सगळं सांगितलंय, हेही कळलं. देव तिचं भलं करो.

मग माझ्या फोनवर मेसेज आला. महिन्याभरातला सगळ्यात मोठा. "रडून झालं असेल तर वर जा. चहा. आणि शर्ट बदला, शुक्रवारपासून तोच आहे."

मी कॅमेऱ्याकडे पाहिलं. बावीस तारखेपासून त्या चित्रात झाड एकही नाही. टेबल आहे, दिवा आहे आणि मी आहे. शुक्रवारी म्हणजे अंगात ताप असतानाही टॅब हातात घेतला होता तर हिने. डावीकडे, अजून, अजून. चाळीस वर्षं केसाएवढ्या फरकावर नजर ठेवून पोट भरलं, आणि एवढं मोठं दिसलं नाही मला.

वर गेलो. फ्रिजवर हिच्या फोनवर टॅबवरून आलेला एक मिस्ड कॉल दिसत होता. तो पुसला नाही. धुतलेला शर्ट घातला, चहा केला, आणि कप घेऊन खाली आलो. कॅमेऱ्यासमोर खुर्ची ओढली, शर्टाची सगळी बटणं लावली आणि चहा प्यायलो. घाई केली नाही.